आलेखातला दोष आणि हृदयातला दोष

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात म्हसा हे गाव आहे. पौष पौर्णिमेला तेथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर बैलांचा मोठा बाजार. काही वर्षांपूर्वी या यात्रेच्या निमित्ताने आम्ही तेथे गेलो असता प्राथमिक शाळेतील एका गुरुजींची गाठ पडली. आम्हांला लोक 'डॉक्टर' म्हणतात एवढे त्यांनी कोणाकडून तरी ऐकले होते. आमची डॉक्टरकी प्रयोगशाळेतली आहे, रोग्याची नाडी आम्ही कधी धरलेली नाही, हे सांगेपर्यंत त्यांनी पिशवीतून एक गुंडाळी काढून आमच्यापुढे उलगडलीही होती.

तो त्यांचा कार्डिओग्राम होता. तालुक्यात भरलेल्या एका तपासणी शिबिरात तो काढलेला. यंत्रानेच कोपऱ्यात इंग्रजीत छापले होते की, एसटी व टी या भागांत अनिश्चित स्वरूपाचे बदल दिसतात, आलेख सदोष. त्या दिवसापासून गुरुजींनी सायकल बंद केली होती. शेतावर जाणे थांबवले होते. घरातली माणसे त्यांना घागरही उचलू देत नव्हती. "डॉक्टर, असा दोष शंभरात किती जणांना असतो हो?" त्यांनी विचारले. "आणि माझ्या हृदयाला नेमके काय झाले आहे?"

पहिला प्रश्न टक्केवारीचा आणि दुसरा माणसाचा. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले, असा आपला समज असतो. 'ग्रामीण भागात इतके टक्के प्रौढांच्या हृदयात दोष' अशा मथळ्यांमुळे तो समज पक्का होतो. कार्डिओग्रामच्या पाहण्या जो आकडा देतात तो मुळात आलेखातील दोषांचा असतो. तो हृदयातील दोषांचा आकडा म्हणून वाचणे चूक आहे, आणि ही चूक म्हशासारख्या गावात महागात पडते, असे आमचे मत आहे. ते का, हे या लेखात तपासायचे आहे.

कागदावर काय उमटते?

हृदयाचे स्नायू आकुंचन पावण्याआधी त्यांतून विजेची एक लाट जाते. ही वीज इतकी क्षीण असते की त्वचेपर्यंत येईतो ती एखाद-दुसऱ्या मिलिव्होल्टची उरते. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाची ही वीज शरीराच्या बाहेरून प्रथम नोंदवली. पुढे हॉलंडमधील लायडेन येथे विलेम आइंटहोव्हेन यांनी तार-गॅल्व्हॅनोमीटर वापरून स्पष्ट आलेख काढले आणि त्यांतील लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही आजही चालणारी नावे दिली. त्यांचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते, ते चालवायला पाच माणसे लागत आणि रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. या कामासाठी त्यांना १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज तेच काम हातात मावणारे यंत्र करते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो, म्हणजे आडवा एक मिलिमीटर म्हणजे ०.०४ सेकंद. उभे दहा मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. पी ही हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लाट, क्यूआरएस ही खालच्या कप्प्यांची, आणि टी म्हणजे खालचे कप्पे पुन्हा पूर्वस्थितीला येतानाची.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा आलेख म्हणजे हृदयाचे छायाचित्र नव्हे. हृदयात निर्माण झालेली वीज फुप्फुसातील हवा, बरगड्या, चरबी आणि कातडी यांतून वाट काढत बाहेर येते, तेव्हा जे उरते त्याची ही नोंद आहे. भिंतीपलीकडचे बोलणे ऐकण्यासारखा हा प्रकार आहे. आवाज बारीक आला तर बोलणारा हळू बोलतो आहे की भिंत जाड आहे, हे नुसत्या आवाजावरून कळत नाही.

मोजणीची भाषा

हजारो माणसांचे आलेख काढले तर ते सर्वांनी एकाच पद्धतीने वाचायला हवेत. एका डॉक्टरला जो आलेख बरा वाटतो तो दुसऱ्याला संशयास्पद वाटतो. ही अडचण ओळखून हेन्‍री ब्लॅकबर्न, ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली 'मिनेसोटा संकेत' प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक प्रकारच्या बदलाला क्रमांक आहे. क्यू लाटांना १, हृदयाच्या विद्युत्-अक्षाला २, उंच आर लाटांना ३, एसटी भाग खाली जाण्याला ४, टी लाटेतील बदलांना ५, वहनातील अडथळ्यांना ६ आणि ७, ठोक्यांच्या अनियमिततेला ८. मोजमापाचे नियम काटेकोर आहेत. आलेख वाचणारा प्रशिक्षित असावा, दोघांनी स्वतंत्रपणे वाचावे, मतभेद झाल्यास तिसऱ्याने निवाडा करावा, अशी पद्धत आहे.

या संकेताने जगभरच्या पाहण्यांना समान भाषा दिली. त्याचे श्रेय मोठे आहे आणि ते नाकारण्याचा आमचा हेतू नाही. मात्र ही भाषा मोजणीची आहे, निदानाची नाही. क्यू लाट ०.०३ सेकंद रुंद आहे की ०.०४, यावर तिचा संकेत बदलतो. कागदावर हा फरक पाव मिलिमीटरचा आहे. हजार माणसांच्या सरासरीत अशा चुका दोन्ही बाजूंना होऊन बऱ्याच अंशी निभावून जातात. एका माणसाच्या बाबतीत पाव मिलिमीटरवर 'रोगी' आणि 'निरोगी' ठरणार असेल, तर ते त्या माणसाला सांगायला हवे.

शेकडा किती? आधी व्याख्या सांगा

आता भारतातील पाहण्यांकडे वळू. कार्डिओग्रामचा आधार घेऊन हृदयरोहिण्यांचा विकार किती आढळतो हे पाहण्याचे प्रयत्न आपल्याकडे बरेच जुने आहेत. आग्रा येथे १९६० साली तो शेकडा १ च्या आसपास आढळला, चंदीगडमध्ये १९६८ साली शेकडा ६.६. महाराष्ट्रातील ग्रामीण भागाचा विचार करता सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. उल्हास जाजू आणि सहकाऱ्यांची १९८८ सालची पाहणी महत्त्वाची आहे. विदर्भातील खेड्यांत ३० वर्षांवरील २,४३३ माणसे तपासून त्यांनी शेकडा १.७ हा आकडा दिला. १९९३ साली केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील पाहणी प्रसिद्ध झाली. तिचा आकडा शेकडा ७.४ असा उद्धृत केला जातो. १९९४ साली राजीव गुप्ता आणि सहकाऱ्यांनी राजस्थानच्या खेड्यांतील ३,१४८ माणसांच्या पाहणीत शेकडा ३.५ च्या सुमारास प्रमाण दाखवले.

हे आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी ठेवले की निष्कर्ष आपोआप निघतो असे वाटते. केरळच्या खेड्यात विदर्भाच्या चौपटीहून अधिक हृद्रोग! मग खोबरेल तेलापासून भातापर्यंत कारणांची चर्चा सुरू होते.

परंतु केरळची पाहणी उघडून पाहिली तर त्यात एक नव्हे, चार आकडे आहेत. कार्डिओग्रामवरून निश्चित हृद्रोग म्हणता येईल अशी माणसे हजारी १४. हृद्रोगाची शंका घ्यावी असे बदल आलेखात असणारी हजारी ३६. प्रश्नावलीवरून हृदयशूळ असावा असे ठरलेली हजारी ४८. आणि 'संभाव्य' या सदरात हजारी ७४. गाव तेच, माणसे तीच, पाहणी तीच. व्याख्या कडक ठेवली तर शेकडा १.४, सैल केली तर ७.४. म्हणजे पाच पटींहून अधिक फरक केवळ व्याख्येने पडला. संशोधकांनी हे चारही आकडे प्रांजळपणे दिले आहेत. दोष त्यांच्याकडे जात नाही. त्यांतला एकच उचलून दुसऱ्या पाहणीतील वेगळ्या व्याख्येच्या आकड्याशेजारी मांडणाऱ्याकडे जातो.

प्रश्नावलीचेही तसेच. छातीत दुखण्याविषयीची ही प्रश्नावली जेफ्री रोज यांनी १९६२ साली इंग्रजीत तयार केली. चढावर किंवा घाईने चालताना छातीत दुखते का, थांबल्यावर ते थांबते का, असे तिचे प्रश्न आहेत. मुरबाड-शहापूरकडची माणसे आपले दुखणे कसे सांगतात ते आठवून पाहावे. कोणी म्हणते, 'छातीत चमक मारते', कोणी 'छाती भरून येते', कोणी 'जीव घाबरा होतो'. यांतले कोणते उत्तर 'होय' धरायचे, हे विचारणाऱ्यावर अवलंबून राहते. स्त्रियांच्या बाबतीत या प्रश्नावलीची उत्तरे अधिक फसवी ठरतात, असा अनुभव अनेक देशांत आला आहे.

दात न पाहता बैलाची किंमत

म्हशाच्या बाजारात बैलाचे दात पाहून वय ठरवल्याशिवाय कोणी किंमत बोलत नाही. टक्केवारी मात्र आपण वय न विचारता स्वीकारतो. वरील पाहण्यांतच विदर्भाची माणसे ३० वर्षांवरील, केरळची २५ ते ६५ मधली आणि राजस्थानची २० वर्षांवरील आहेत. वय वाढते तसे आलेखातील दोष वाढतात, ही या विषयातील सर्वांत पक्की गोष्ट आहे. तेव्हा वयाची रचना वेगळी असेल तर आकडे वेगळे येणारच.

शिक्षकांना वर्गात करून दाखवता येईल असे एक उदाहरण घेऊ. आकडे आम्ही सोयीसाठी मानलेले आहेत. समजा, चाळिशीच्या आतील शंभरांत २, चाळीस ते साठ वयाच्या शंभरांत ६ आणि साठीपुढील शंभरांत १५ जणांच्या आलेखात दोष आढळतो. हे प्रमाण दोन्ही गावांत अगदी सारखे आहे. पहिल्या गावात शंभर प्रौढांपैकी ६० जण चाळिशीच्या आतले, ३० मधल्या वयाचे आणि १० वृद्ध आहेत. दुसऱ्या गावातील तरुण कामाधंद्यासाठी कल्याण, भिवंडी, मुंबईला गेले आहेत, तेथे हीच विभागणी ३५, ४० आणि २५ अशी आहे. विद्यार्थ्यांना गुणाकार करू द्यावा. पहिल्या गावाचे उत्तर शेकडा ४.५ येईल, दुसऱ्याचे ६.८५. दुसऱ्या गावात हृदये अधिक बिघडलेली नाहीत. तेथून तरुण निघून गेले, एवढेच घडले आहे.

आता पाहणीचा दिवस कोणता, हेही विचारले पाहिजे. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाहणीला सोयीचे दिवस नेमके तेच असतात, कारण पावसाळ्यात वाड्यांवर पोहोचणे कठीण आणि भाताच्या कामांतून माणसांना सवड नसते. म्हणजे भातकापणीनंतर केलेल्या पाहणीत सर्वांत गरीब आणि सर्वांत अधिक अंगमेहनत करणारी माणसे आपोआप वगळली जातात. दिवसा शिबिर ठेवले तर नोकरीवर गेलेले पुरुष सुटतात. शिबिर आहे असे जाहीर केले तर ज्यांना आधीच काही त्रास होतो ते आवर्जून येतात. रांगेत उभी राहिलेली माणसे म्हणजे गाव नव्हे.

कोणाची फूटपट्टी?

आम्हांला सर्वांत गंभीर वाटणारा आक्षेप याहून वेगळा आहे. डावी जवनिका जाड झाली आहे का, हे ओळखण्याचा एक नियम सोकोलोव आणि लायन यांनी १९४९ साली दिला. छातीवरील पहिल्या जागेची एस लाट आणि पाचव्या किंवा सहाव्या जागेची आर लाट यांची बेरीज ३५ मिलिमीटर किंवा अधिक झाली, तर जवनिका जाड असण्याचा संभव. उच्च रक्तदाब दीर्घकाळ राहिला की जवनिका खरोखर जाड होते, त्यामुळे या नियमाला अर्थ आहे.

आता भिंतीचे उदाहरण आठवा. सडपातळ माणसाच्या छातीवर चरबीचा थर पातळ असतो, त्यामुळे त्याच्या लाटा उंच उमटतात. स्थूल माणसाच्या लाटा ठेंगण्या होतात. भातखाचरात राबणारा काटक शेतकरी आणि बाजारपेठेतला वजनदार दुकानदार यांना एकाच ३५ मिलिमीटरच्या पट्टीने मोजले, तर निरोगी शेतकरी दोषी ठरू शकतो आणि ज्याची जवनिका खरोखर जाड झाली आहे तो दुकानदार निर्दोष सुटू शकतो. मग पाहणीच्या निष्कर्षात 'कृशता हा एक संबंधित घटक आढळला' असे वाक्य येते. वास्तविक तो रोगाशी संबंधित नसून फूटपट्टीशी संबंधित असतो.

याखेरीज आलेख काढण्यातील चुका आहेतच. उजव्या आणि डाव्या हाताच्या तारांची अदलाबदल झाली तर पहिल्या आलेखातील लाटा उलट्या होतात. छातीवरील चकत्या एक-दोन बरगड्या वर लागल्या तर जुना हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यासारखे चित्र दिसू शकते. गावातील शिबिरात पडद्याची नीट सोय नसेल आणि तपासणारा पुरुष असेल, तर स्त्रियांच्या बाबतीत चकत्या योग्य जागी लागण्याची शक्यता किती, याचा वाचकांनीच विचार करावा. थंडीने किंवा भीतीने अंग कापले तरी रेषा थरथरते. गुरुजींच्या आलेखात आढळलेले 'अनिश्चित बदल' तर क्षारांचे प्रमाण, औषधे, जलद श्वास अशा नाना कारणांनी दिसू शकतात. 'अनिश्चित' हा शब्द त्यासाठीच योजलेला असतो. वाचणारा मात्र 'बदल' एवढेच वाचतो.

हजार माणसांचा हिशेब

समजा, या सर्व चुका टाळल्या. तरीही एक अडचण उरते, आणि ती शुद्ध अंकगणिताची आहे. येथेही आकडे मानलेले आहेत. एक हजार प्रौढांपैकी ३० जणांना हृदयरोहिण्यांचा विकार आहे. विश्रांतीच्या स्थितीत काढलेला कार्डिओग्राम त्यांतील निम्मे, म्हणजे १५ पकडतो. उरलेल्या ९७० निरोगी माणसांपैकी शेकडा १० जणांच्या आलेखात काही ना काही खोट दिसते, म्हणजे ९७ जण. एकूण ११२ जणांना 'आलेख सदोष' असा कागद मिळेल. त्यांत खरे रोगी १५, म्हणजे आठांत एकाच्या आसपास. आणि ज्या १५ रोग्यांचा आलेख निर्दोष आला ते निर्धास्त होऊन घरी जातील, विडी पेटवतील.

दोन्ही बाजूंनी नुकसान आहे. ९७ जणांची सायकल विनाकारण बंद होते, पुढच्या तपासण्यांसाठी कल्याण-ठाण्याच्या खेपा होतात, प्रसंगी दावणीचे जनावर विकले जाते. म्हणूनच अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञ-मंडळाने २०१२ साली, आणि पुन्हा २०१८ साली, ज्यांना धोका कमी आहे व कोणतेही लक्षण नाही अशा प्रौढांचे कार्डिओग्राम सरसकट काढू नयेत असा सल्ला दिला. जेथे यंत्रे आणि तज्ज्ञ मुबलक आहेत तेथला हा सल्ला आहे.

दुसरी बाजू

टीका करताना विरुद्ध पुरावा लपवू नये. आलेखातील दोष निरर्थक असतात असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. अमेरिकेत ७० ते ७९ वर्षे वयाच्या २,१९२ माणसांचे आलेख काढून त्यांचा काही वर्षे मागोवा घेण्यात आला आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरुवातीला १३ टक्के लोकांच्या आलेखात किरकोळ आणि २३ टक्के लोकांच्या आलेखात मोठे दोष होते. ज्यांच्यात ते होते त्यांना पुढे हृदयरोहिण्यांच्या विकाराचा त्रास इतरांपेक्षा अनुक्रमे सुमारे सव्वा ते दीडपट प्रमाणात झाला. तेव्हा आलेख काहीतरी सांगतो हे मान्य. पण हे कळले कशामुळे? त्याच माणसांकडे वर्षानुवर्षे परत जाऊन पाहिल्यामुळे. एकदाच केलेली पाहणी हे सांगू शकत नाही.

'संबंधित घटक' या शब्दाचा मोह येथेच आवरला पाहिजे. एकदाच केलेल्या पाहणीत असे आढळले की, जे अंगमेहनत करत नाहीत त्यांच्यात दोष अधिक आहेत. बसून राहिल्याने दोष आला, की छातीत दुखते म्हणून माणूस बसून राहिला? आमचे गुरुजीच पाहा. आलेखात दोष निघाल्यावर त्यांनी सायकल सोडली. पुढच्या वर्षी कोणी पाहणी केली तर ते 'व्यायाम न करणारे आणि सदोष आलेख असणारे' या रकान्यात बसतील आणि उलटा निष्कर्ष बळकट करतील.

तरीही एकदाच केलेली पाहणी डोळसपणे वाचली तर उपयोगी पडते. राजस्थानच्या वर उल्लेखिलेल्या पाहणीचा खरा निष्कर्ष शेकडा साडेतीनचा नाहीच. अशिक्षित आणि कमी शिकलेल्या लोकांत हृद्रोग अधिक आढळला, तसेच धूम्रपान आणि उच्च रक्तदाबही अधिक आढळले, हा तो निष्कर्ष आहे. हृद्रोग हा श्रीमंतांचा रोग, ही समजूत त्याने हलवली. या पाहणीत १,९८२ पुरुष आणि १,१६६ स्त्रिया होत्या, म्हणजे स्त्रिया कमी आल्या, हे लक्षात ठेवूनही निष्कर्षाची दिशा मोलाची आहे. ज्या भागात पुरुषांच्या खिशात विडीकाडी आणि स्त्रियांच्या हाताशी मिश्रीची डबी असते, तेथे शाळेने कोणत्या विषयावर बोलावे हे त्यातून स्पष्ट होते.

यंत्र कोणासाठी?

मग खेड्यात कार्डिओग्रामचे यंत्र नकोच का? आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. म्हशात मध्यरात्री एखाद्याच्या छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात जड झाला, तर त्या क्षणी कार्डिओग्रामइतके मोलाचे दुसरे साधन नाही. हृदयाची रोहिणी गुठळीने बंद झाली असेल तर बहुधा आलेख ते दाखवतो, आणि गुठळी विरघळवण्याचे औषध जितके लवकर मिळेल तितका स्नायू वाचतो. अशा रोग्याचा आलेख दवाखान्यात पोहोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत काढावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. पहिला आलेख निर्दोष आला आणि दुखणे चालूच राहिले तर तो पुन्हा काढावा लागतो.

तामिळनाडूत हे मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यात आले. लहान रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडली, आलेख दूरवरच्या तज्ज्ञांकडे पाठवण्याची सोय केली, औषध देणे आणि रोगी हलवणे यांची पद्धत ठरवून दिली. २,४२० रोग्यांवरील हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ही व्यवस्था येण्यापूर्वी वर्षभरात शेकडा १७.६ रोगी दगावत, नंतर हे प्रमाण १४.२ वर आले. यंत्र तेच. माणूस आणि वेळ बदलली की त्याची किंमत बदलते.

आणि ज्यांना काही होत नाही अशा सर्वांसाठी काय? त्यांच्यासाठी रक्तदाब मोजण्याचा पट्टा आहे. तो स्वस्त आहे, आशा कार्यकर्ती तो शिकू शकते, आणि रक्तदाब जास्त निघाला तर पुढे काय करायचे हे नक्की ठाऊक आहे. सरकारी कार्यक्रमातही ३० वर्षांवरील सर्वांची तपासणी आहे ती रक्तदाब, मधुमेह आणि काही कर्करोगांसाठी. सरसकट कार्डिओग्राम त्यात नाही, आणि ते योग्यच आहे.

पुन्हा गुरुजींकडे

गुरुजींच्या कागदाकडे आम्ही त्या दिवशी बराच वेळ पाहत होतो. आलेखातले आम्हांला फारसे कळत नव्हते, पण खालचा छापील तक्ता कळत होता. नाव, वय, वजन भरलेले होते. रक्तदाबाची चौकट रिकामी होती.

"गुरुजी, शिबिरात दंडाला पट्टा बांधला होता का?"

"नाही बा. गर्दी फार होती."

आम्ही त्यांना सरकारी रुग्णालयात जाऊन निदान तीन वेगवेगळ्या दिवशी रक्तदाब मोजून घ्यायला आणि तो आलेख तेथील डॉक्टरांना दाखवायला सांगितले. आमच्या सांगण्यावरून काही सुरू किंवा बंद करू नका, हेही बजावले. पुढे त्यांचे पत्र आले. तिन्ही दिवशी रक्तदाब वाढलेला निघाला होता. डॉक्टरांनी गोळी चालू केली, मीठ आणि तंबाखू कमी करायला सांगितले आणि सायकल चालवायला परवानगी दिली. आलेख त्यांनी पुन्हा काढला, तो पहिल्यापेक्षा बरा होता. पहिला का बिघडला, याचे नक्की कारण सांगता येत नाही, असे ते म्हणाले. हे उत्तर आम्हांला फार आवडले.

'शंभरात किती?' या गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अद्याप दिलेले नाही. एका आकड्यात ते देता येत नाही, हेच त्याचे उत्तर आहे. पण यापुढे वर्तमानपत्रात असा आकडा दिसला, तर वर्गात फळ्यावर पाच प्रश्न लिहावेत आणि विद्यार्थ्यांनाच उत्तरे शोधू द्यावीत. कोणाला मोजले आणि कोण सुटले? दोष कशाला म्हटले? मोजणाऱ्याची फूटपट्टी कोणत्या माणसांवर बेतलेली होती? तुलना केली असेल तर वय सारखे केले का? आणि त्या माणसांचे पुढे काय झाले, हे कोणी जाऊन पाहिले का?

बैलबाजारात चार प्रश्न विचारल्याशिवाय इसार देऊ नये, हे म्हशाच्या पोरांना शिकवावे लागत नाही. टक्केवारीलाही इसार देण्यापूर्वी असेच प्रश्न विचारायचे असतात, एवढे शाळेने शिकवावे.